बिनकडीचं घर

बाबा, तुम्ही गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला तीन जण बोलले आणि तिघांनी तुम्हाला तीन वेगवेगळ्या जहाजांवर चढवलं. सरपंचांनी सांगितलं की शत्रूची बोट तुम्ही एकट्याने बुडवली. निवृत्त मुख्याध्यापकांनी तुम्हाला भर समुद्रात उडी मारायला लावली. तिसऱ्याचं तर नावही तुम्हाला ठाऊक नसेल, त्याने तुमच्या हातात मशीनगन दिली. तुमची सगळी नोकरी जहाजाच्या पोटात, इंजिनाच्या तेलात हात काळे करण्यात गेली आणि बंदूक तुम्ही फक्त परेडला धरली, हे सांगायला मी उठणार होते. उठलेही. पांढरी साडी, हातात माईक, समोर मांडवात सगळं गाव. आणि तोंडातून शब्द फुटेना. लोकांना वाटलं, लेकीला गहिवरून आलं. कोणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला. "किती केलं वं पोरीनं बापाचं," असं मागून एक बाई म्हणाली, आणि मी खाली बसले.

मला गहिवरून आलं नव्हतं, बाबा. माझ्या जिभेवर वेगळंच वाक्य होतं आणि ते माईकवर बोलायची माझी छाती झाली नाही. तुम्ही गेलात त्याच्या दहा दिवस आधी मी तुम्हाला घरात ठेवून बाहेरून कडी लावली होती. सकाळी साडेसहापासून दुपारी पावणेचारपर्यंत. शेजारची कमलाकाकू सोडून गावात कोणाला हे ठाऊक नाही. भाऊ असून मिलिंदलाही फक्त कडी ठाऊक आहे, ती दुपार ठाऊक नाही. तुम्ही मला माफ केलंत की नाही, एवढंच मला विचारायचं होतं. उद्या विचारू, ताप उतरला की विचारू, करता करता राहून गेलं.

आपल्या घराला कडी नाही, हे मला लहानपणी विचित्र वाटायचं नाही. गावाच्या शेवटच्या ओळीतलं घर, मागे धानाच्या दोन बांध्या, त्यापलीकडे पाण्याने भरलेली बोडी, आणि बोडीच्या पाळीपासून सरळ जंगल. असल्या जागी शहाणी माणसं दिवस मावळला की दारं लावून घेतात. आपली नुसती लोटलेली. पुढच्या दाराला कडी नाही, मागच्याला नाही, न्हाणीला तर दारच नाही, गोणपाटाचा पडदा. नौसेनेतून परत येऊन तुम्ही हे घर बांधलंत आणि सुताराने लावलेल्या कड्या दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने उपसून काढल्यात, असं आई सांगायची. का, ते तिलाही कधी सांगितलं नाहीत. "मले बंद घरात जीव घाबरते," एवढंच. त्यावर आईचं ठरलेलं उत्तर होतं. "लढाई मारून आलेल्या मानसाले घरात भेव वाट्टे, अन् आमी वाघाच्या तोंडात निजतो त्याचं काई नाई!"

त्या उघड्या दारातून आपल्याकडे काय काय आलं! शेजाऱ्यांची वासरं आली, कुत्री आली, वरातीत झिंगलेला एक पाहुणा आला आणि स्वतःचं घर समजून तुमच्या खाटेवर घोरत पडला. एका पहाटे तर दारापुढच्या सपरीत वाळत घातलेल्या मोहाच्या वासाने अस्वल आलं. आईने मिलिंदला आणि मला गोधडीखाली दाबलं. तुम्ही दारात उभे राहून त्याच्याशी बोलायला लागलात, "जा गा, जा. इथी काई नाई तुह्यासाठी." मोह तर समोर ढीगभर होता. तरी ते गेलं. पुढे वर्षभर गावात कोणाच्या घरी नको असलेला पाहुणा आला की लोक म्हणायचे, नेव्हीवाल्या भाऊले बोलवा.

नेव्हीवाले भाऊ. या भागात समुद्र पाहिलेला माणूस शोधून सापडायचा नाही. आजोबा तुम्हाला खांद्यावर बसवून नागपूरला धम्मदीक्षेला घेऊन गेले होते आणि येताना त्यांनी मनाशी एकच पक्कं केलं होतं, पोरगं शिकलं पाहिजे आणि गावाबाहेर पडलं पाहिजे. पोरगं पडलं ते थेट समुद्रात. पोहायला बोडीत शिकलेला गडी. शाळेतली पोरं तुम्हाला विचारायची, समुद्र केवढा असतो, आणि तुम्ही गंभीर चेहऱ्याने सांगायचात, "आपल्या बोडीपेक्षा जरासाक मोठा." बांगलादेशच्या लढाईबद्दल विचारलं की मात्र तुम्हाला एकदम म्हशीला पाणी दाखवायची आठवण यायची.

पदक मी पहिल्यांदा पाहिलं ते आईच्या बटनांच्या डब्यात. मी तिसरीत असेन. तुम्हाला विचारलं, हे कशासाठी मिळालं? तुम्ही विडीची राख झटकलीत आणि म्हणालात, "झाकन लावलं म्हनून."

आम्ही किती हसलो, बाबा! घरात ती म्हणच झाली. मी दुधाच्या गंजावर झाकण ठेवलं की आई ओरडायची, "द्या वं हिले मेडल!" मिलिंद डब्याचं झाकण उघडं टाकून पळाला की, "याचं मेडल वापस घ्या!" तुम्हीही हसायचात. निदान मला तसं आठवतं. आता वाटतं, मी तुमच्या तोंडाकडे नीट पाहिलंच नसेल.

आणखी एक होतं. आईने मिरच्या कुटायला खलबत्ता काढला की तुम्ही चपला घालून बोडीकडे निघायचात. शेजारी कोणी खुंटा ठोकत असला तरी तेच. आम्हाला वाटायचं, कामाचा कंटाळा. "नवरा तोफेले नाई भ्यायला अन् मिरच्यांले भेते," असं आई सगळ्यांना सांगायची आणि बाया खोखो हसायच्या. तुम्ही तिला कधी उलटून बोलला नाहीत.

मी चौदा वर्षांची झाले तेव्हा आपलं पहिलं मोठं भांडण झालं. पडद्यामागे अंघोळ करायची मला लाज वाटायची आणि मैत्रिणी चिडवायच्या. मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी शाळेतून आले तर न्हाणीला दार. सागवानी, निळ्या रंगाचं, देखणं. कडी नव्हती. आतून टेकवायला तुम्ही नाल्यातला एक गोल दगड आणून ठेवला होता. मी पाय आपटला. "दगड चालते तं कडी काऊन नाई चालत?" तुम्ही म्हणालात, "दगड बाहीरून ढकलता येते, माय." मला हे कारण इतकं खुळचट वाटलं की मी पुढे वाद घातला नाही. तो वाद तिथेच राहिला. मला वाटत होतं की तो मी जिंकलेला आहे.

पण खरं तेच सांगायचं तर त्या बिनकडीच्या दाराने एकदा मला वाचवलं. लग्नाला चार वर्षं झाली होती. सासरी काय चाललं होतं ते मी तुम्हाला पत्रातून कधी कळवलं नाही आणि त्या दिवशी पहिल्या एसटीने एका पिशवीनिशी गावात उतरले. स्टँडपासून घरापर्यंत मी एकच विचार करत होते की दार वाजवायचं आणि आतून कोण म्हटलं की काय उत्तर द्यायचं. मी कोण म्हणून आले आहे? पाहुणी? टाकलेली? आणि दारापाशी आले तर दार लोटलेलं. मला हात उचलावाच लागला नाही. मी आत गेले. तुम्ही चुलीपाशी चहा पीत होतात. माझ्याकडे पाहिलंत, पिशवीकडे पाहिलंत, आणि तुमचा चहा बशीत ओतून बशी माझ्याकडे सरकवलीत. नंतरही कधी काही विचारलं नाहीत. पुढे मी डी.एड. केलं, शाळेत लागले, इथेच राहिले. तुमचे उपकार मोजायला बसले तर त्या सकाळपासून सुरुवात करावी लागेल, आणि मी ते तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आपल्या घरात तशी पद्धतच नव्हती.

आई गेल्यावर तुमचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग जेवण झालं की नाही ते, मग माणसं. मिलिंद तुम्हाला गडचांदूरला घेऊन गेला, सिमेंट कारखान्याच्या क्वार्टरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. तिसऱ्या दिवशी तुम्ही कोणाला न सांगता एसटी धरून परत आलात. गाव विसरत होतात, पण गावाची एसटी विसरला नाहीत. "त्याच्या घरी दार लावलं की आपोआप बंद होते," अशी तुमची तक्रार. मी मिलिंदला फोन करून म्हटलं, राहू दे, मी बघते. मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं.

मग यंदाचा मोह आला. तुम्हाला बाकी सगळं विसरायला झालं, पण मोहाचा वास विसरला नाहीत. पहाटे टोपली घेऊन निघायचात. त्यातच गावातली एक बाई मोहफुलं वेचताना वाघाने नेली. वनखात्याची गाडी भोंग्यावरून सांगत फिरली, एकट्याने जंगलात जाऊ नका, उजाडल्याशिवाय बाहेर पडू नका. तुम्ही ते ऐकून मान डोलावलीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गायब. मी ओरडत बांधीतून पळत होते. बोडीच्या पाळीवर बीटगार्ड तुमचा हात धरून येताना दिसला. तुम्ही कमरेपर्यंत ओले.

"पान्यात उभे होते, मॅडम," तो म्हणाला. "मी हाका मारून राह्यलो तं म्हनते, अजून एक जन खाली हाये. मले वाटलं, कोनी पोरगं बुडलं. मी बी पान्यात उतरलो. कोनीच नाई."

"कोन खाली हाये, बाबा?" मी विचारलं.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "कोनी नाई, माय. थंडी वाजून राह्यली."

मी त्याला भ्रम म्हटलं. डॉक्टरांनीही तसंच म्हटलं. आणि पाळीच्या मातीत पन्नास पावलांवर वाघाचे पंजे उमटलेले होते, तो भ्रम नव्हता.

त्या आठवड्याच्या बाजारातून मी कडी-कोयंडा आणला. रविवारी मिलिंद येऊन बसवून गेला. मागचं दार आतून धान्याची कोठी सरकवून बंद केलं, पुढच्याला बाहेरून कडी. आणि बाबा, तुम्ही शेजारी बसून त्याला एकेक स्क्रू काढून देत होतात. हे मला विसरता येत नाही.

"बाहीरून काऊन लावून राह्यला गा?" तुम्ही विचारलंत.

"वाघासाठी, बाबा," मिलिंद म्हणाला.

"वाघाले बाहीरची कडी काढता नाई येत का?"

आम्ही दोघं हसलो. तुम्ही पुढचा स्क्रू त्याच्या हातात ठेवलात.

सकाळची शाळा सुरू झाली होती. साडेसहाला निघायचं, बाराच्या आत परत. रोज निघताना मी तुमच्यासमोर बसून सांगायची, भात झाकून ठेवला आहे, पाणी इथे आहे, काही लागलं तर दार ठोका, कमलाकाकू ऐकेल आणि येईल. तुमची आणि तिची भिंत एकच. तुम्ही हो म्हणायचात. पहिले तीन दिवस ठीक गेले. मी येऊन कडी काढायची तेव्हा तुम्ही खाटेवर बसलेले असायचात आणि मला हायसं वाटायचं. सवय होईल असं वाटलं. कशाची सवय, याचा विचार केला नाही.

चौथ्या दिवशी शाळा सुटता सुटता तालुक्याहून निरोप आला, सगळ्यांनी मीटिंगला या, आजच माहिती भरायची आहे. मी कमलाकाकूला फोन लावला.

"काकू, बाबांचा आवाज आला काय?"

"नाई वं, काईच आवाज नाई. निजले असतीन भाऊ. कडी काढून पाहू का?"

आणि मी म्हटलं, "नको. उघडलं तर निघून जातील, तुझ्यानं आवरणार नाहीत. ठोकलं तरच उघड."

हे माझे शब्द आहेत, बाबा. कोणी माझ्या तोंडात घातलेले नाहीत. मीटिंगमध्ये मी तीनदा घड्याळ पाहिलं आणि तीनदा स्वतःला सांगितलं की ठोकलं असतं तर काकूचा फोन आला असता.

पावणेचारला कडी काढली आणि दार ढकललं तर ते जड लागलं. तुम्ही दाराला टेकून खाली बसला होतात. टिनांचं छप्पर तापून घरात भट्टी झालेली. तांब्या लवंडलेला, पाणी जमिनीत मुरून गेलेलं, भात तसाच. पायजमा ओला झालेला. उजवा हात दाराच्या फळीवर, तळवा टेकवून. मी आत शिरले तर तुम्ही मान वर केलीत आणि शाळेतलं पोरगं शाबासकी मागतं तशा आवाजात म्हणालात, "मी ठोकलं नाई, माय. एक बार बी नाई ठोकलं."

आणि मी काय केलं? मी तुमच्यावर ओरडले. "ठोकायलाच तर सांगितलं होतं! रोज सांगते! इतकं साधं कळत नाही का तुम्हाला?" तुमचे कपडे बदलताना ओरडत होते, तोंडाला पाणी लावताना ओरडत होते. भीतीने ओरडत होते, पण ते तुम्हाला कुठून कळणार? तुम्ही पाणी प्यायलात आणि पुन्हा तेच म्हणालात, "नाई ठोकलं."

दुसऱ्या दिवशी ताप. मग तालुक्याचा दवाखाना, मग चंद्रपूर. डॉक्टर म्हणाले, वय झालं आहे, छातीत कफ भरला आहे, असं होतं. मी त्यांना दोनदा विचारलं, उन्हाने असेल का, पाणी न मिळाल्याने असेल का. त्यांनी दोन्ही वेळा वयाचंच सांगितलं. त्या वॉर्डचं दार दिवसभर सताड उघडं होतं. तुम्ही त्याच्याकडे तोंड करून पडला होतात आणि माझा हात धरून होतात. तेव्हा विचारायला हवं होतं. शेजारच्या खाटांवर माणसं होती, नर्स ये-जा करत होत्या, आणि मला वाटलं, घरी गेल्यावर निवांत विचारू.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडव रिकामा झाला, भन्तेजी गेले, जेवणाच्या पत्रावळी उचलल्या, तरी एक म्हातारे गृहस्थ खुर्ची सोडेनात. हातात काठी, अंगावर इस्त्रीचा पांढरा सदरा. दापोलीकडचे नार्वेकर म्हणून सांगितलं. तुमच्या जहाजावर होते. जावयाला घेऊन दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून आले होते. मी त्यांना चहा दिला. ते म्हणाले, "भाषणं ऐकली मी. सगळी खोटी. तुला खरं सांगितलं त्याने कधी?"

"झाकण लावलं म्हणून पदक मिळालं, म्हणायचे."

नार्वेकरकाका हसले नाहीत. "खरं तेच सांगितलं मग," ते म्हणाले.

आणि त्यांनी सांगितलं, बाबा. तुम्ही बावीस वर्षांचे होतात. तुम्ही, नार्वेकर आणि केरळचा जोसेफ, तिघं एका ताटात जेवणारे. हल्ल्यात जहाजाला खाली भोक पडलं आणि इंजिनापाशी पाणी शिरायला लागलं. तुम्ही शिडीने दोनदा खाली उतरलात आणि दोन जखमी माणसांना खांद्यावर घालून वर आणलंत. "त्यातला एक मी," काका म्हणाले आणि पायजमा वर करून पोटरीवरचा व्रण दाखवला. तिसऱ्यांदा तुम्ही उतरायला गेलात तेव्हा हुकूम आला, झाकण बंद करा. जहाजात एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायच्या वाटेला तसं पोलादी झाकण असतं. पाणी वर चढलं असतं तर जहाज गेलं असतं आणि सगळी माणसं गेली असती. झाकणापाशी तुम्हीच होतात. तुम्हीच ते लावलंत आणि पेच आवळलेत. जोसेफ खाली होता.

"त्याच्या हातात पाना होता गो," काका म्हणाले. "खालून ठोकत होता. तीनदा ठोकायचा, थांबायचा, पुन्हा तीनदा. तुझा बाप झाकणावर हात टेकून बसला होता. ठोके थांबेपर्यंत उठला नाही. किती वेळ ते मला विचारू नकोस."

मी नाही विचारलं.

"बंदरात लागल्यावर मला म्हणाला, नार्वेकर, हुकूम बरोबर होता. जोसेफ मेला, ते मी सोसेन. पण त्याने ठोकायला नको होतं. ते कानातून जात नाही."

कमलाकाकू दारात उभी राहून ऐकत होती. तिने पदर तोंडाला लावला. आणि मग मी काकांना सगळं सांगितलं. जे माईकवर सांगता आलं नाही ते त्या परक्या माणसाला सांगितलं. वाघ, कडी, मीटिंग, लवंडलेला तांब्या.  शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"ठोकलं त्याने?"

"नाही, काका. म्हणाले, मी ठोकलं नाई, माय."

काका चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले.

तुमच्या डोक्यातून माणसं गेली होती, नातवंडांची नावं गेली होती, आईसुद्धा कधीकधी जायची. पण बंद दाराच्या आत असलेल्या माणसाने काय करायचं नाही, तेवढं राहिलं होतं. तहानेने घसा कोरडा पडला असेल, कपडे ओले झाले तेव्हा लाज वाटली असेल, जीव घाबरला असेल. घाबरलाच असणार. तुम्ही हात फळीवर ठेवलात आणि उचलला नाहीत, माझ्यासाठी. आणि मी तुम्हाला म्हटलं, इतकं साधं कळत नाही का.

म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही मी विचारायच्या आधीच दिलं होतं. माफ केलं होतंत. त्याने मला बरं वाटायला हवं. नाही वाटत, बाबा. मला राग येतो तुमचा. हे तुमचं मोठेपण मला कोणी मागितलं होतं? मी काही जहाज वाचवत नव्हते. खाली पाणी नव्हतं, वरून हुकूम नव्हता. एक कडी होती, एका बोटाने निघणारी. तुम्ही ठोकलं असतंत तर उघडलं असतं. जोसेफचं उघडता आलं नाही म्हणून माझंही उघडणार नाही असं कसं धरून चाललात?

आणि तरी, तुम्ही त्या दिवशी पुन्हा बोडीवर गेला असता तर? वाघ अजून पकडलेला नाही. काल पुन्हा गाडी भोंगा वाजवत गेली. मी उद्या पुन्हा त्याच जागी असेन तर कडी लावेन की नाही, मला सांगता येत नाही. लावली तरी मी चुकणार आणि नाही लावली तरी चुकणार. तुम्हालाही पन्नास वर्षं असंच वाटत होतं का? आपण दोघं एका घरात राहून एकमेकांना हे विचारू शकलो असतो, आणि आपण दुधाच्या झाकणावर हसत बसलो.

मिलिंद म्हणतो, कडी राहू दे, तू आता एकटी आहेस. ती आहे तशीच आहे. पण संध्याकाळी मी दार नुसतं लोटते आणि न्हाणीतला तुमचा तो गोल दगड आतून टेकवून ठेवते. कोणाला यायचं झालं तर बाहेरून ढकलता येतो.

तुम्ही ठोकायचं होतं, बाबा. कमलाकाकू सकाळपासून भिंतीला लागून बसली होती. तुमचा आवाज आला तर ऐकू यावा म्हणून तिने त्या दिवशी टीव्हीसुद्धा लावला नव्हता.